विंडोज ९८ वर विविध भारती लागली, पण आता वेगळेच प्रश्न आलेत

माळ्यावरचा_पीसी

मंडळी, धागा लांबलाय, पण टंकाळा न करता सगळं लिहितोय म्हणजे नंतर कुणी "आधी हे करून बघितलंस का" विचारायला नको.

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून बाबांचा जुना पीसी निघाला. पेंटियम १३३, ६४ एमबी रॅम, ईएसएसचं साउंडकार्ड, कॅबिनेट मूळचं पांढरट होतं ते आता तंबाखूवाल्याच्या दातांसारखं पिवळं पडलंय. आई म्हणाली भंगारात दे. बाबा काही बोलले नाहीत, फक्त चहाचा कप घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसले, म्हणून मग नाही दिला. बायोसचा सेल मेलेला होता तो बदलला, एसएमपीएसमधली धूळ ब्रशने काढली, आणि काय सांगू राव, विंडोज ९८ सरळ वर आलं. डेस्कटॉपवर विनॅम्प २.८१ (तो जुना गाणी वाजवायचा प्लेअर) आणि त्यात २००२ सालची प्लेलिस्ट जशीच्या तशी.

बाबांना सकाळी विविध भारती लागते. घरातला ट्रान्झिस्टर गेल्यापासून ते फोनवर ऐकतात, पण गाण्यात मध्येच कुणाचा तरी कॉल येतो आणि मग ते दिवसभर कुरकुरतात. म्हटलं ह्याच डब्यावर लावून देऊ, त्यात काय एवढं. ह्या "त्यात काय एवढं"मध्ये माझ्या चार रात्री गेल्या.

पहिलं भांडण एचटीटीपीएसशी, म्हणजे वेबच्या कुलूपबंद जोडणीशी. ९८ मधला एक्सप्लोरर ज्या जमान्यातला आहे त्या जमान्याचं एसएसएल (ते कुलूप) आता सर्व्हरवाल्यांनी बंद केलंय, बहुतेक ठिकाणी किमान टीएलएस १.२ हे नवं कुलूप लागतं, त्यामुळे दोघांचं बोलणं सुरू व्हायच्या आधीच फिसकटतं आणि "पेज कॅनॉट बी डिस्प्लेड". विनॅम्प २.८१ ला तर एचटीटीपीएस हा प्रकारच माहीत नाही.

दुसरं म्हणजे आकाशवाणीचा स्ट्रीम एचएलएसमध्ये येतो. म्हणजे नळाला येतं तसं सलग पाणी नाही, तांब्या-तांब्याने येतं. काही सेकंदांच्या छोट्या छोट्या फायली आणि त्या फायलींची एक यादी, यादी सतत बदलत राहते, प्लेअरने ती परत परत मागून घ्यायची. ॲपलने २००९ मध्ये काढलेली पद्धत, २००२ च्या विनॅम्पला कुठून माहीत असणार. आणि त्या फायलींच्या आत एएसी, एमपीथ्रीसारखाच आवाज दाबून ठेवायचा दुसरा प्रकार, जो माझ्या विनॅम्पला वाजवता येत नाही.

शेवटी टीव्हीच्या मागे धूळ खात पडलेला रास्पबेरी पाय (खिशात मावणारा छोटा कॉम्प्युटर, पुढे नुसतं "पाय") कामाला लावला. त्याच्यावर एफएफएमपेग (आवाजाचा प्रकार बदलणारा प्रोग्रॅम), ते एचएलएस उचलतं, एएसी उलगडतं, १२८ केबीपीएसचं एमपीथ्री करतं आणि तिथेच चालणाऱ्या आयकास्ट ह्या रेडिओ सर्व्हरला देतं. आयकास्ट साध्या एचटीटीपीवर ८००० पोर्टला ते वाटतं. ९८ वर विनॅम्पमध्ये कंट्रोल एल दाबायचं, पायचा आयपी, कोलन ८०००, स्लॅश आणि स्ट्रीमचं नाव, एंटर. खाली बफरिंगचे टक्के चढले, आणि निवेदिकेचा आवाज त्या जुन्या स्पीकरमधून आला तेव्हा मी एकटाच हॉलमध्ये रात्री साडेबाराला टाळ्या वाजवल्या. सिस्टिम मॉनिटरमध्ये प्रोसेसर तीस-पस्तीस टक्क्यांवर, विनॅम्पचे ते नाचणारे खांब बंद केले की अजून थोडा खाली.

आता प्रश्न:
एक, ह्याच पायवर माझी मराठी गाणी पण ठेवलीत, त्यांची नावं विनॅम्पमध्ये भलतीच दिसतात, टोपी घातलेला ए, मग एक गोल चिन्ह, मग काहीतरी, परत टोपीवाला ए.
दोन, पाय न लावता काही जमतं का?
तीन, मामेभावाने हे बघून त्याचा ४८६, म्हणजे पेंटियमच्याही आधीचा पीसी, आणून दिलाय. त्याचं काय करू?

खवचट_मावशी

फोन "डू नॉट डिस्टर्ब" वर टाकून ब्लूटूथ स्पीकर लावला असतास तर चार रात्री झोप झाली असती. दोन मिनिटांचं काम.

असो. टाळ्यांचं वाचून हसले मात्र.

तपकीर_गल्ली

जबरी! वाखू (वाचनखूण) साठवली.

दुसऱ्या प्रश्नाचं आधी. आकाशवाणीला पायशिवाय गत्यंतर नाही, पण सगळ्या स्टेशनांना ते लागत नाही. जी स्टेशनं अजून साध्या एचटीटीपीवर एमपीथ्री देतात ती विनॅम्प २ मध्ये थेट लागतात, कसलाही मध्यस्थ नको. सॅन फ्रान्सिस्कोचं सोमाएफएम बघ, २००० पासून चालूये, जाहिराती नाहीत, श्रोत्यांच्या पैशावर चालतं आणि १२८ चं एमपीथ्री मिळतं. त्यांची पीएलएस फाईल नोटपॅडमध्ये उघड, आत "फाईल वन बरोबर" च्या पुढे सरळ पत्ता असतो, तो पत्ता एचटीटीपीएसचा नाही ना तेवढं बघून कंट्रोल एलमध्ये टाक.

ज्यांचा स्ट्रीम एमपीथ्रीच आहे पण एचटीटीपीएसवर आहे, त्यांच्यासाठी पायवर एफएफएमपेग चालवू नकोस, उगाच एकदा उलगडून परत आवळायचं, आवाजाची वाट लागते. तिथे नुसतं एनजिनएक्स (वेब सर्व्हर) रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे मधला निरोप्या, म्हणून बसव. ९८ कडून साधं एचटीटीपी घ्यायचं, पलीकडे टीएलएसने बोलायचं, बिट जसेच्या तसे. दोन गोष्टी विसरू नकोस, मी त्यात एक अख्खा रविवार घालवलाय. होस्ट हेडरमध्ये (विनंतीवरच्या पत्त्यात) मूळ सर्व्हरचं नाव गेलं पाहिजे, पायचा आयपी नाही, आणि एसएनआय (जोडणी करतानाच साइटीचं नाव सांगणं) चालू पाहिजे, नाहीतर पलीकडच्या सर्व्हरला कळतच नाही की आपल्या पन्नास साइटींपैकी ह्या माणसाला कुठली हवीये, मग तो भलतंच सर्टिफिकेट तरी दाखवतो नाहीतर दार आपटतो. आणि प्रॉक्सी बफरिंग बंद कर.

विनॅम्पच्या एमपीथ्री डिकोडरच्या सेटिंगमध्ये स्ट्रीमिंगचा एक टॅब आहे, तिथे बफर ६४ केबी असेल. १२८ केबीपीएसला ६४ केबी म्हणजे जेमतेम चार सेकंद. पाय वायफायवर असेल तर २५६ कर, घरात कुणी मायक्रोवेव्ह लावला तरी गाणं तुटणार नाही.

रच्याकने (बाय द वे), विनॅम्पचा पाया जस्टिन फ्रँकेलने १९९७ मध्ये रचला, १९९९ मध्ये एओएलने कंपनीच विकत घेतली, आणि २०२४ मध्ये आत्ताच्या मालकांनी सोर्स कोड गिटहबवर टाकला तर लायसन्सवरून इतका कल्ला झाला की काही आठवड्यांत काढून टाकला. एवढ्या वर्षांनी हातात आलेला घास.

डॉसमहर्षी

धागाकर्त्याचं कौतुक आहे पण एक बोलतो, राग मानू नका. ह्याच्यात कॉम्प्युटरने काय केलं? सगळं पायने केलं. पेंटियम इथे फक्त स्पीकरचा स्टँड झालाय. असं तर मी उद्या पंचवीस वर्षांपूर्वीच्या मिक्सरमध्ये ब्लूटूथ बसवून म्हणेन मिक्सर गातोय.

माळ्यावरचा_पीसी

महर्षी, राग नाही पण हरकत आहे. एमपीथ्री उलगडायचं काम पेंटियमच करतोय, तीस टक्के प्रोसेसर फुकट नाही जात. मी पायकडून तयार वेव्ह घेतली असती, म्हणजे ४४१०० हर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ, सेकंदाला १७६ केबी, तर मी पण म्हटलं असतं की हा नुसता स्टँड आहे. माझ्या मते रेघ तिथे आहे. नवीन जगाने जे नवीन कुलूप लावलंय ते उघडायला किल्लीवाला बाहेरचा चालेल, पण गाणं ज्याचं त्याने वाजवावं.

एएसीचं एमपीथ्री करावं लागलं ही चोरी आहे, मान्य.

डॉसमहर्षी

हम्म. किल्लीवाल्याचं पटलं अर्धं.

मग आता माझं ऐक. माझ्याकडे पेंटियम १०० आहे, विंडोज नाहीच, शुद्ध डॉस. एमपीएक्सप्ले नावाचा प्लेअर, एमपीथ्री, ऑग, बरंच काही वाजवतो, डॉसमध्ये दुसरं काही चालूच नसल्याने सगळा प्रोसेसर त्याचा. नेटवर्कला मायकेल ब्रुटमनचं एमटीसीपी, डॉससाठीच्या नेटवर्क प्रोग्रॅमचा संच, त्यात एफटीपी आहे, पिंग आहे, आयआरसी आहे, एचटीटीपीवरून फाईल ओढायला वेगळा छोटा प्रोग्रॅम आहे. हा माणूस आजही ते सुधारत असतो. मी स्ट्रीम करत नाही, एफटीपीने घरच्या सर्व्हरवरून अख्खा अल्बम ओढतो, मग ऐकतो. आधी स्वयंपाक, मग जेवण.

पण ते नेटवर्क कार्ड बसवताना जो घाम निघाला तो लिहितोच, कारण ४८६ वाल्याला उपयोगी पडेल. पुण्याच्या तपकीर गल्लीतून (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) एक एनई२००० टाइप आयएसए कार्ड आणलं, रिअलटेक ८०१९ चिपचं. पॅकेट ड्रायव्हर टाकला, पिंग गेला, मी खूश. मग गाणं लावलं. गाणं वाजतंय मस्त. दुसऱ्या मशीनवरून सहज पिंग केलं आणि इकडे गाण्याचा एक छोटासा तुकडा अडकलेल्या रेकॉर्डसारखा परत परत, परत परत, परत परत. बंदच होईना. शेवटी रीसेटचं बटण.

कारण असं, की साउंड ब्लास्टर (साउंडकार्ड) डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला न विचारता, मेमरीतला एक छोटा तुकडा गोल गोल वाजवत असतं, आणि तुकडा संपत आला की इंटरप्ट मारून सांगतं "पुढचं वाढा". माझं साउंडकार्ड आयआरक्यू ५ (इंटरप्टची एक लाइन) वर आणि हे नवीन बाळ पण फॅक्टरीतून आयआरक्यू ५ वरच बसलेलं. नेटवर्कचा इंटरप्ट आला की साउंडचा निरोप हरवायचा, वाढपी यायचाच नाही, आणि कार्ड बिचारं रिकामं ताट चाटत बसायचं. त्या कार्डावर जंपर नाहीत, रिअलटेकची डॉसमधली सेटअप युटिलिटी मिळवून त्याला आयआरक्यू १० आणि पोर्ट ३०० वर हलवलं. साउंडकार्ड तसंच ठेवलं, ए२२० आय५ डी१ एच५ टी६ (पोर्ट, आयआरक्यू, डीएमए वगैरेंचे आकडे), हे तर मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. बायोसमध्ये आयआरक्यू ५ पुढे "लेगसी आयएसए" असं करून ठेवा म्हणजे पीसीआयचं एखादं कार्ड येऊन त्या जागेवर बसत नाही. आयआरक्यू ३ वर पण टाकू नका, तिथे दुसरा सिरीयल पोर्ट असतो.

एडिसनचे_नाना

अरे काय दिवस आठवून दिलेत. १९९८ मध्ये इकडे अमेरिकेत आलो तेव्हा मराठी ऐकायला मिळायचं म्हणजे रिअलऑडिओ. रिअलप्लेअरची ती निळी खिडकी आणि "बफरिंग". मोडेम ५६ के लिहिलेलं पण मिळायचं चव्वेचाळीसच्या आसपास, आणि आवाज असा की लताबाई विहिरीतून गातायत. तरी डोळ्यात पाणी यायचं हो. बायको म्हणायची फोन मोकळा करा, मी म्हणायचो अंतरा संपू दे.

नंतर आयमॅक घेतला, तो रंगीत काचेसारखा. त्यावर साउंडजॅम एमपी नावाचं सॉफ्टवेअर होतं. ते २००० मध्ये ॲपलने घेतलं आणि त्यातूनच २००१ च्या जानेवारीत आयट्यून्स आलं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तो आयमॅक अजून बेसमेंटमध्ये आहे. मॅक ओएस ९ वर हाच पायचा खेळ चालेल का कुणी सांगेल काय?

तपकीर_गल्ली

नाना, चालणार. ओएस ९ चं आयट्यून्स एचटीटीपीवरचा एमपीथ्री स्ट्रीम घेतं, ॲडव्हान्स्ड मेनूत "ओपन स्ट्रीम" बघा. आयकास्टला पलीकडे मॅक आहे का विंडोज ह्याच्याशी देणंघेणं नाही. पत्ता तोच, पोर्ट तोच. फक्त बेसमेंटमधून काढताना आतल्या सेलकडे बघा, हे सेल फुटून बोर्ड खातात, चालू करायच्या आधी उघडून बघाच.

मोडी_ते_युनिकोड

पहिल्या प्रश्नाला कुणी हातच लावला नाही म्हणून लिहितो, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय.

तुझ्या स्ट्रीमची नावं यूटीएफ-८ मध्ये येतायत. त्यात देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं, पहिला बाइट सगळ्यांना सारखा, दुसरा दोनांपैकी एक, तिसरा वेगळा. विंडोज ९८ चा विनॅम्प ते तीन बाइट म्हणजे तीन वेगळी रोमन अक्षरं समजतो. म्हणून तुला टोपीवाला ए ठेक्यात दिसतोय, तीन मात्रांचा ताल आहे तो! काना-मात्रा-वेलांटी पण प्रत्येकी तीन बाइट, त्यामुळे "मराठी" ह्या एवढ्याशा शब्दाची पंधरा चिन्हं होतात.

९८ मध्ये देवनागरीचं कोडपेजच (अक्षरांचा तक्ता) नाही. मायक्रोसॉफ्टने हिंदी-मराठी नीट आणलं ते विंडोज २००० पासून, मंगल फॉन्ट तेव्हाचा. त्यामुळे सरळ मार्ग एकच, पायवरच नावं रोमनमध्ये करून पाठव. आयकास्टला नाव बदलायची विनंती वेगळी करता येते, एक छोटी स्क्रिप्ट लिही.

वाकडा मार्ग सांगतो, जो आम्ही त्या काळी वापरला. श्रीलिपी किंवा तत्सम जुना फॉन्ट, ज्यात रोमन अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवलेली असतात, तो ९८ वर टाकायचा. विनॅम्पमध्ये प्लेलिस्टचा फॉन्ट बदलता येतो, तिथे तो निवडायचा. मेन विंडोसाठी "बिटमॅप फॉन्ट वापरा" ची खूण काढायची. आणि मग टॅगमध्ये त्या फॉन्टच्या कीबोर्डने नावं टाइप करायची. आयडीथ्री टॅगच्या (फाईलमधल्या गाण्याच्या माहितीच्या) पहिल्या आवृत्तीत नावाला फक्त ३० बाइट, आणि ह्या फॉन्टात एका जोडाक्षराला दोन-तीन सहज जातात, त्यामुळे गाण्याचं नाव अर्ध्यातच तुटायचं. आमच्या होस्टेलच्या पीसीवर एका भक्तिगीताचं नाव तुटून असं काही झालं होतं की ते इथे लिहू शकत नाही.

एक तोटा, इंग्लिश गाण्यांची नावं मग त्या फॉन्टात अगम्य दिसतात. पण आता तुम्हाला कळेल आम्हाला कसं वाटायचं ते.

खवचट_मावशी

शेवटच्या ओळीला +१.

कबूल करते, आता मला पण माझा कॉलेजचा पीसी शोधावासा वाटायला लागलाय. धागा बंद करा कुणीतरी.

राईनकाठची

इथे जर्मनीत हा रोग फार आहे, आणि इथले लोक पीसीकडे बघतच नाहीत, अमिगा, म्हणजे कमोडोरचा जुना घरगुती कॉम्प्युटर! माझा नवरा इथलाच, त्याच्या आईच्या तळघरात त्याचा अमिगा १२०० आहे, १९९२ चं मॉडेल, १४ मेगाहर्ट्झ. मी मराठीतून ह्याच्यावर लिहीन असं कधी वाटलं नव्हतं.

अमिगाला अमिगाॲम्प आहे, दिसायला विनॅम्पचं भावंड, नेटवरचे स्ट्रीम पण लागतात. बाजूच्या खाचेत पीसीएमसीआयए नेटवर्क कार्ड, टीसीपीआयपी वेगळं बसवायचं. पण मूळ १४ मेगाहर्ट्झमध्ये एमपीथ्री उलगडायची ताकद नाही, वेगळं ॲक्सिलरेटर कार्ड लागतं, त्याची किंमत ऐकून सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. आवाजाची गंमत बघा, त्यातली पॉला चिप ८ बिटची, चार चॅनेल. तर लोकांनी काय केलं, दोन चॅनेल एकत्र धरले, एकाचा व्हॉल्यूम पूर्ण ६४ आणि दुसऱ्याचा फक्त १. मोठ्याने ढोबळ आवाज काढायचा, बारक्याने राहिलेली कसर भरायची, असे मिळून १४ बिट. डाळीला वरून फोडणी.

पण खरं सांगू, मी त्याला म्हटलं एमपीथ्री सोड. ह्या मशीनची स्वतःची गाणी आहेत ना! मॉड फाईल. १९८७ मध्ये कार्स्टन ओबार्स्की नावाच्या जर्मन माणसाने अल्टिमेट साउंडट्रॅकर काढला, तिथून हे सुरू झालं. मॉडमध्ये रेकॉर्ड केलेलं गाणं नसतं. वाद्यांचे छोटे छोटे नमुने असतात आणि कुठला नमुना कुठल्या ओळीला कुठल्या सुरात वाजवायचा त्याचा तक्ता असतो, चार रकाने आणि एका पानाला ६४ ओळी. म्हणजे वादक आणि नोटेशन दोन्ही एकाच डब्यात. पाच मिनिटांचं गाणं दोनशे केबीत येतं. एमपीथ्रीला त्याच पाच मिनिटांना पावणेपाच एमबी.

मॉड आर्काइव्ह १९९६ पासून आहे, तिथून डाऊनलोड करा आणि ह्या मशीनवर वाजवा, चालू आहे की नाही कळतही नाही इतका कमी भार. डॉसमहर्षी, हे तुमच्या तत्त्वात बसतं. त्या फायली ओढायला पण चार सेकंद लागतात, पाय नको, प्रॉक्सी नको. म्हणजे एचटीटीपीएसपुरता लागेल, पण किल्लीवाला म्हणूनच.

डॉसमहर्षी

ताई, साष्टांग दंडवत. ह्यालाच म्हणायचं कॉम्प्युटर गातोय.

४८६_भाड्याने

मीच तो मामेभाऊ. हाहाहा. दादाने लिंक पाठवली.

माझा ४८६ डीएक्स२ ६६ आहे, ८ एमबी रॅम, विंडोज ९५. नेटवर्क कार्ड नाहीये पण मी ऑनलाइन तो वायफाय मोडेम मागवलाय, सिरीयल पोर्टला लागतो, कॉम्प्युटरला वाटतं डायलअप आहे. त्यावर दादाचा १२८ चा स्ट्रीम लागेल का?

तपकीर_गल्ली

नाही रे भावा, आणि गणित बघ म्हणजे पटेल. सिरीयल पोर्टचा कमाल वेग ११५२०० बिट. एका बाइटला सुरुवातीचा आणि शेवटचा धरून दहा बिट जातात, म्हणजे सेकंदाला ११,५२० बाइट. १२८ केबीपीएसला लागतात १६,०००. पाइपच अरुंद आहे. ६४ चा स्ट्रीम बसेल, ८,००० बाइट, वर पीपीपीचं (डायलअप जोडणीचं) ओझं धरून. तेही पोर्टची चिप १६५५० असेल तर, तिच्यात १६ बाइटचा छोटा साठा असतो. जुनी ८२५० असेल तर दर बाइटला प्रोसेसरची बेल वाजते, एवढ्या वेगात बाइट सांडायला लागतात.

पण दुसरी अडचण मोठी. डीएक्स२ ६६ वर स्टिरिओ एमपीथ्री वेळेत उलगडतच नाही. डीएक्स४ १०० वर मोनो आणि अर्ध्या दर्जाला कसंबसं होतं. तुला माझा सल्ला, मोडेम ठेव बीबीएस (मोडेमने जोडायची जुनी चर्चास्थळं) वगैरे बघायला, गाण्यांसाठी आयएसए नेटवर्क कार्ड घे, पायवर सांबा (विंडोजला फायली वाटणारा प्रोग्रॅम) चालव आणि गाणी २२०५० हर्ट्झ मोनो वेव्ह करून ठेव, सेकंदाला ८ बिटमध्ये २२ केबी, उलगडायचं काही नाही, ४८६ आरामात वाजवेल. सांबामध्ये फायली वाटायचं जुनं एसएमबी १ मुद्दाम चालू करावं लागतं, आणि ते भोकांनी भरलेलं आहे, त्यामुळे तो पाय आणि ही जुनी मंडळी राउटरवर वेगळ्या नेटवर्कात ठेव, बाहेरून एकही पोर्ट उघडू नकोस. धागाकर्त्याला पण हेच सांगणं, ८००० पोर्ट घराबाहेर जाऊ देऊ नकोस, ९८ ला शेवटचा अपडेट मिळून दोन दशकं होत आली.

डॉसमहर्षी

वेव्ह म्हणजे स्टँड झाला ना पण.

४८६_भाड्याने

महर्षी, ६६ मेगाहर्ट्झ आहे हो. त्याला स्टँड होऊ द्या. मॉड पण लावतो, ताईंनी सांगितलंय ते.

निवृत्त_मास्तर

आमच्या शाळेत १९८४ च्या क्लास योजनेत (शाळांत कॉम्प्युटर आणायची सरकारी योजना) बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश कॉम्प्युटर आले होते. ३२ केबी मेमरी. तुमच्या ह्या १२८ च्या एमपीथ्रीचे दोन सेकंद त्यात मावले असते, आणि मग प्रोग्रॅम ठेवायला जागा उरली नसती. पण बेसिकमध्ये साउंड आणि एन्व्हलप अशा दोन आज्ञा होत्या, तीन सूर आणि एक खरखर. त्यावर मुलांनी राष्ट्रगीत बसवलं होतं, एकेक स्वराचा आकडा वहीत लिहून. इन्स्पेक्टर साहेब आले तेव्हा लावलं, तर ते खुर्चीतून उठून उभे राहिले, मग आम्ही पण.

एवढंच आठवलं. चालू द्या.

माळ्यावरचा_पीसी

मास्तर __/\__

अपडेट देतो. नावांची स्क्रिप्ट झाली, रोमनमध्ये येतायत. श्रीलिपीचा मार्ग बाबांना सांगितला तर म्हणाले माझ्या फ्लॉपीत असेल तो फॉन्ट, आता फ्लॉप्या शोधतायत.

पण नवीन लफडं झालंय. बाबा पहिल्यापासून आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या टूं टूं टूं वर मनगटी घड्याळ लावतात. आता ते विनॅम्पवर ऐकून लावतात. परवा आई म्हणाली ह्यांचं घड्याळ मागे पडायला लागलंय, सेल बदला. सेल नाही, स्ट्रीमच मागे आहे! शेजारच्या काकांचा एफएम रेडिओ गॅलरीत आणून दोन्ही एकदम लावले, ५२ सेकंदांचा फरक. कमी कसा करू?

तपकीर_गल्ली

हाहाहा हे भारी आहे.

हिशोब असा. एफएफएमपेग थेट एचएलएस उघडताना यादीतल्या शेवटून तिसऱ्या तुकड्यापासून सुरू करतं. तुकडे दहा सेकंदांचे असतील तर तिथेच वीस ते तीस सेकंद गेले. मग आयकास्ट नवीन श्रोता आला की आधीचे ६४ केबी एकदम ओततं म्हणजे बफर लवकर भरावा, ते चार सेकंद. विनॅम्पचा बफर त्याच ओतलेल्यातून भरतो, त्यामुळे तो पुन्हा वेगळा धरू नकोस. राहिलेलं सगळं आकाशवाणीच्या बाजूचं, तुकडे बनवणं, पसरवणं, त्याला आपण काही करू शकत नाही.

एफएफएमपेगला लाइव्ह स्टार्ट इंडेक्स असा पर्याय आहे, मुळात उणे तीन असतो. उणे एक कर, शेवटच्या तुकड्यापासून उचलेल. नेट जरा अडखळलं तर आवाज तुटायची शक्यता वाढते, पण बघ करून.

माळ्यावरचा_पीसी

केलं. ५२ चे ३४ झाले. त्याच्या खाली जात नाही.

बाबांना सांगितलं की टूं टूं वर घड्याळ लावू नका, फोनवरची वेळ बघा. त्यांनी काही उत्तर दिलं नाही. संध्याकाळी बघतो तर कॅबिनेटवर फ्लॉपीच्या ड्राइव्हखाली एक चिठ्ठी चिकटवलीये, बॉलपेनने "+३४".

तपकीर_गल्ली

पाय रीस्टार्ट झाला की तो आकडा बदलेल हं. तुकड्याच्या मध्यात पकडलं का सुरुवातीला ह्यावर आहे ते.

माळ्यावरचा_पीसी

हो, काल लाइट गेले होते, आज ४१ आहे. ते चिठ्ठीवर आता पेन्सिलने लिहितायत.